आजी कुठे गेली ते सगळेच सांगतील, निघाली कशी ते लिहा

पत्र : माझी आजी आठ महिन्यांपूर्वी गेली, ८७ व्या वर्षी. तरुणपणी ती मोटारसायकल चालवायची, गिर्यारोहण शिकली होती आणि एकदा मैत्रिणीला मागे बसवून चार महिने भटकून आली होती. तेव्हा माझी आई नऊ वर्षांची होती आणि मामा पाच. पहिल्या स्मृतिदिनाला सगळे जमणार आहेत. त्या दिवशी मी बोलावं आणि एक छोटी पुस्तिकाही करावी, असं सर्वांनी ठरवलंय. मामाला त्यात अस्वलाची गोष्ट हवीच आहे : रात्री तंबूबाहेर अस्वल आलं आणि आजीने हॉर्न वाजवून त्याला पळवून लावलं. डायरीत त्या रात्रीपुढे एवढंच आहे : 'रात्रभर बाहेर काहीतरी खुडबुडत होतं. झोप नाही. सकाळी चेन घट्ट केली.' आईला विचारलं तर ती जेवता जेवता उठली आणि म्हणाली, "ती फिरत होती तेव्हा माझ्या वेण्या कोण घालत होतं, तेही लिही." एरवी आई आजीबद्दल वावगं बोलत नाही, शेवटची तीन वर्षं आजीचं सगळं तिनेच केलं. मी आजीच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. पंचाहत्तरीनंतरही ती कुठलीही बस पकडायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायची. आता लिहायला बसले की हात अडतो. खरं लिहिलं तर आजीचा अपमान, नाही लिहिलं तर आईचा. ट्रंकेत डायऱ्या आहेत, तारखा नसलेले फोटो, काही कॅसेट आणि त्या मैत्रिणीची पत्रं. ती पत्रं मी वाचावीत का? मैत्रीण बहुधा अजून हयात आहे. — नात

उत्तर :

प्रिय नात,

तुमच्या पत्रात आजी आहे, आई आहे, मामा आहे, मागच्या सीटवरची मैत्रीण आहे, अस्वलसुद्धा आहे. आजोबा मात्र कुठेच नाहीत. बायको चार महिने मोटारसायकलवरून निघून गेली, घरात नऊ आणि पाच वर्षांची पोरं, आणि या सगळ्यात नवऱ्याच्या तोंडी एक वाक्यही नाही? ते हो म्हणाले होते, नको म्हणाले होते, की तेव्हा घरीच नव्हते? हे तुम्हाला ठाऊक नसेल तर हात अडणारच. मानापमानाचं नंतर बघू. आधी गोष्टीचा अर्धा भाग तुमच्याकडे आलेलाच नाही.

माझं सांगणं एकच आहे. आजी कुठे कुठे गेली हे लिहिण्याआधी ती घरातून निघाली कशी, हे लिहा. पैसे कुठून आणले? मोटारसायकल कोणाच्या नावावर होती? चार महिन्यांचं पहिल्यांदा कोणाजवळ बोलली? मुलांना काय सांगितलं, आणि कधी, आदल्या रात्री की महिनाभर आधी? मुलांना कोणाकडे ठेवलं, आणि ज्या बाईकडे ठेवलं तिला कोणी विचारलं होतं का? हे सगळं उंबऱ्याच्या आत घडलेलं असतं. घाट चढणं, तंबूत झोपणं, पंक्चर काढणं हे त्याच्या मानाने सोपं. बाईमाणसाला तर सोपंच, कारण रस्त्यावर निदान कोणी तिला आई म्हणून हाक मारत नसतं.

जगातल्या नावाजलेल्या भटक्या बायकांकडे बघा. व्हिएन्नाच्या इडा फायफर १८४२ मध्ये ४४ व्या वर्षी एकट्या प्रवासाला निघाल्या. दोन्ही मुलगे मार्गी लागले, मगच. पुढे त्यांनी दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण त्या पहिल्या खेपेला घरच्यांना आणि स्नेह्यांना सांगितलं काय, तर कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) मैत्रिणीला भेटायला जाते. जायचं होतं जेरुसलेमला. एमा गेटवुड १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल एकटीने चालून गेल्या. तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. एकाच मोसमात ती वाट एकटीने पार करणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांना ११ मुलं होती, सगळी मोठी झालेली, आणि त्यांना त्या एवढंच बोलल्या की जरा चालून येते. वर्तमानपत्रांना ही चालणारी आजी फार आवडली. नवऱ्याने त्यांना वर्षानुवर्षं मारहाण केली होती आणि शेवटी त्या घटस्फोट घेऊन सुटल्या होत्या, ते मात्र तेव्हाच्या कौतुकाच्या बातम्यांत आलं नाही. ते पुष्कळ उशिरा लोकांसमोर आलं. ते कळल्यावर त्या चालण्याचा अर्थ केवढा बदलतो! पाय तेच, वाट तीच, पण त्या कशाकडे चालल्या होत्या याच्याबरोबर कशापासून चालल्या होत्या हेही दिसायला लागतं.

तुमची आजी कशापासून निघाली होती का? असेलच असं नाही. काही माणसांना नुसती ओढ असते, पाठीमागे दुःख वगैरे काही नसतं, आणि प्रत्येक भटक्या बाईमागे जखम शोधत बसायची सवय मला तरी आवडत नाही. पण प्रश्न विचारून तरी बघा.

आता आईच्या वाक्याकडे. 'ती फिरत होती तेव्हा मुलांना कोण सांभाळत होतं?' हा प्रश्न बायकांना पिढ्यान् पिढ्या विचारला गेलाय आणि बहुतेक वेळा लबाडीने. जुनको ताबेई १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचणाऱ्या जगातल्या पहिल्या महिला. केवळ महिलांच्या त्या जपानी मोहिमेसाठी पैसे गोळा करताना त्यांना ऐकवलं गेलं होतं की तुम्ही घरी मुलं वाढवायला हवीत. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. पैसे वाचवायला या बायकांनी गाडीच्या सीटच्या आवरणांपासून पिशव्या आणि हातमोजे शिवले. ४ मे रोजी हिमस्खलनात ताबेई तंबूसकट गाडल्या गेल्या, शेर्पांनी त्यांना ओढून बाहेर काढलं, आणि बारा दिवसांनी, १६ मे रोजी, त्या शिखरावर होत्या. त्याच डोंगरावर गेलेल्या बापांना घरी मुलं वाढवा असं कोणी सुनावल्याचं फारसं ऐकिवात नाही. तुमचे आजोबा नोकरीसाठी चार महिने बाहेरगावी असते तर आज ती घरात सांगायची गोष्टही झाली नसती.

म्हणून बाहेरचं कोणी हा प्रश्न विचारायला आलं तर त्याला खुशाल वाटेला लावा. पण नऊ वर्षांच्या मुलीने तो विचारला तर तो तिचा हक्क आहे, आणि ती मुलगी आज पासष्टीची असली तरी तो हक्क संपत नाही. जगाशी भांडताना आजीची बाजू घ्यायची, आणि आईसमोर बसल्यावर ऐकायचं. ही दोन कामं एकाच नातीला करता येतात. त्यासाठी बाजू बदलावी लागत नाही.

शिवाय आई काय म्हणाली ते पुन्हा बघा. 'लिहू नकोस' असं ती म्हणाली नाही. 'तेही लिही' म्हणाली. ही तक्रार असेल, पण ती आधी परवानगी आहे. अपमान होईल हे तुम्ही ठरवलंत.

तेव्हा आईशी बोला, पण जेवणाच्या टेबलावर नको, मामासमोर नको आणि स्मृतिदिनाच्या तयारीच्या नावाखाली तर नकोच. दोघी कुठेतरी हाताला काम असताना बसा : कपड्यांच्या घड्या घालताना, ट्रंक आवरताना. डोळ्यांत डोळे घालून बसलं की माणसं जबाब देतात. हात गुंतलेले असले की बोलतात. सुरुवात वेण्यांपासूनच करा, तो धागा तिने स्वतःच तुमच्या हाती दिलाय. कोण घालत होतं वेण्या? घट्ट की सैल? रिबिनी कुठल्या? शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही कोणी केली? पत्रं यायची का, आणि आली तर वाचून कोण दाखवायचं? आजी परत आली त्या दिवशी ती दारात होती, शाळेत होती, की लपून बसली होती?

प्रश्नात उत्तर पेरू नका. 'तुला खूप एकटं वाटलं असेल ना?' असं विचारलंत की आई एक तर हो म्हणेल किंवा चिडेल, आणि दोन्हींतून तुमच्या हाती काही लागणार नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारताना गाड्या 'धडकल्या' असं म्हटलं, काहींना 'एकमेकींवर जोरात आदळल्या' असं. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारल्यावर त्या गटातल्या जास्त लोकांना फुटलेल्या काचाही आठवल्या, ज्या फिल्ममध्ये नव्हत्याच. एका क्रियापदाने एवढं होत असेल तर 'एकटं वाटलं असेल ना'ने काय होईल याचा विचार करा. 'मग काय झालं?' हा सगळ्यांत निरुपद्रवी प्रश्न. तो विचारायचा आणि गप्प बसायचं. ती गप्प बसली तरी तुम्ही गप्पच बसायचं.

एवढं करूनही ती नाही म्हणाली तर सोडून द्या. पुस्तिकेतलं एक पान तिच्यासाठी ठेवा आणि तसं तिला सांगा : या पानावर काय येईल ते तू ठरवशील, आणि छापायचं की नाही तेही. तिने चार ओळी लिहून दिल्या तर त्यांचं व्याकरणही सुधारू नका. तिने तोंडी सांगितलं तर तिच्याच शब्दांत उतरवा आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवा. हे पान शेवटी परिशिष्टासारखं चिकटवू नका. त्या चार महिन्यांच्या प्रवासाच्या पानासमोर ठेवा. डावीकडे आजीची डायरी, उजवीकडे घरात काय चाललं होतं ते. दोन्हीकडे महिने तेच.

मामांचं प्रकरण सोपं आहे, पण हसण्यावारी नेऊ नका. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने लोकांना त्यांच्या परिचयाच्या संस्कृतीबाहेरची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने, पुन्हा पुन्हा, आठवून सांगायला लावली. दर वेळी गोष्ट अधिक ओळखीची होत गेली. न कळणारे भाग गळाले, आदिवासींची होडगी साध्या बोटी झाल्या. कोणीही मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. तुमच्या घरातही तेच झालंय. 'काहीतरी खुडबुडत होतं' ही गोष्ट सांगायला अवघड आहे, तिला चेहरा नाही. अस्वलाला आहे.

आणि मामा तेव्हा पाच वर्षांचे होते हे विसरू नका. आई चार महिने दिसत नाही, आणि का ते समजण्याचं वय नाही. अशा मुलाची आई परत येते तेव्हा ती निदान अस्वलाशी तरी लढून आलेली असावी. उगीच कोणी एवढे दिवस जातं का? बहीण नऊ वर्षांची होती, तिला गैरहजेरी दिवसागणिक आठवते. भावाला गैरहजेरी फारशी आठवत नसेल. त्याला परत येणं आठवतं. एकाच घरात दोघांचे चार महिने वेगळे गेले, आणि इतकी वर्षं झाली तरी ते अजून वेगळेच आहेत.

म्हणून अस्वल ठेवा. 'मामा सांगतात की' असं म्हणून त्यांच्या भाषेत, हॉर्नसकट, पूर्ण रंगवून लिहा. त्याखाली डायरीतली ओळ जशीच्या तशी छापा. वर-खाली काही टिप्पणी नको. कोण खरं, ते वाचणाऱ्याला ठरवू द्या. मला विचाराल तर आजीची ओळ कितीतरी जास्त भीतिदायक आहे. रात्रभर काय आहे ते कळलं नाही, झोप लागली नाही, आणि सकाळी बाईने चेन घट्ट केली. हिची अख्खी ओळख त्या तिसऱ्या वाक्यात आहे.

खरं लिहिल्याने आजी लहान होईल या भीतीबद्दल थोडंसं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना त्यांच्या घराण्याबद्दल २० प्रश्न विचारले : आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील भेटले कसे, घरात कोणावर मोठं संकट आलं होतं का, अशा धर्तीचे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा आत्मविश्वास अधिक दिसला. याचा अर्थ गोष्टी पाठ करून घेतल्या की मुलं धीट होतात असा नाही. ज्या घरात बोलणं होतं तिथे बाकीही बरंच काही चांगलं होत असणार. पण ड्यूक यांचं एक निरीक्षण तुमच्या उपयोगाचं आहे. घराण्याची गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली जाते : आपण वरच चढत गेलो, आपण घसरतच गेलो, किंवा वर गेलो, खाली आलो, तरी एकत्र राहिलो. मुलांना सर्वांत जास्त बळ तिसरी देते. तुमच्या घरात पुढे कोणी मुलगी असं काही करायला निघेल तेव्हा तिला अस्वल पळवणाऱ्या आजीचा काय उपयोग? तिला हे कळायला हवं की आजी निघाली, त्याची किंमत पडली, ती कोणी मोजली, आणि ज्या मुलीने मोजली तिनेच शेवटी आजीला अंघोळ घातली.

ती शेवटची तीन वर्षं तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलीत. पुस्तिकेत तसं करू नका. जन्मभर भटकलेल्या बाईला एका खोलीत राहावं लागलं, तेव्हा ती कशी राहिली? खिडकी कुठल्या बाजूला होती? चिडायची का? कुबडी, वॉकर, चाकाची खुर्ची, जे काही असेल ते तिने कसं स्वीकारलं, किंवा स्वीकारलंच नाही? आणि त्या तीन वर्षांत मायलेकी त्या चार महिन्यांबद्दल कधी बोलल्या का? बोलल्या असतील तर तुमच्या पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा प्रवास तोच. हे फक्त आईला माहीत असणार.

आणखी एक गफलत बहुतेक सगळ्या आठवणींच्या पुस्तकांत होते. उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणींचा ढीग मोठा निघतो. मानसशास्त्रात हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय. म्हणजे आजीनेच तुम्हाला तिच्या तरुणपणाच्या गोष्टी जास्त सांगितल्या असणार, आणि तिच्या पन्नाशीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नसणार. तुमच्या पत्रात तरी मोटारसायकलनंतर एकदम पंचाहत्तरीच येते. मधली चाळीस वर्षं कुठे गेली? मोटारसायकल कधी विकली, का विकली, कोणी विकायला लावली? डोंगर कधी सुटले?

आणि ती बस! तुम्ही ती एका ओळीत सांगून पुढे गेलात. मला अख्ख्या पत्रात तीच सर्वांत आवडली. कुठलीही बस पकडायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, बघायचं, परत यायचं. मोटारसायकल होती तेव्हा ती मोटारसायकलवर होती. गुडघे गेले तेव्हा बसमध्ये. बाई तीच. ती कुठल्या सीटवर बसायची? शेवटच्या थांब्यावर काय करायची, चहा प्यायची की नुसती उभी राहायची? तिच्याबरोबर कोणी कधी गेलं होतं का? तुम्ही गेला असाल तर भाषणात तेवढंच सांगा. दहा मिनिटांच्या आत, एक फेरी, चढल्यापासून उतरेपर्यंत. जन्म, शिक्षण, लग्न, मोहिमा अशी जंत्री सभेत वाचू नका. ती पुस्तिकेच्या मलपृष्ठावर मावते, आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांना ती पाठ असते.

ट्रंकेबद्दल. कॅसेट आधी. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होत जाते आणि ती वाजवणारी यंत्रंही दुर्मीळ होत चालली आहेत. घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये उत्साहाने घालू नका. बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असतील किंवा फीत चिकटलेली वाटत असेल तर अजिबात वाजवू नका. ध्वनिमुद्रणं डिजिटल करून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. पुढचे-मागचे आवाज, खोकला, कोणीतरी 'चालू आहे का ते?' म्हणणं, यातलं काहीही मूळ प्रतीतून कापू नका. बहुधा त्यातच आजोबा सापडतील.

फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओरबाडून काढू नका. सहज निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅन किती बारकाईने होतो त्याचं माप). मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. तारखा नाहीत म्हणून हताश होऊ नका. फोटोच्या पाठीवर कधी कधी स्टुडिओचा शिक्का असतो, मोटारसायकलचा नंबर दिसतो, आईच्या पडलेल्या दातांवरून तिचं वय कळतं. 'अंदाजे' असं लिहून मोकळं व्हा. घरच्या सगळ्यांत वयस्कर माणसाला फोटो दाखवताना आवाज मुद्रित करत राहा. फोटोत कोण आहे यापेक्षा फोटो कोणी काढला हे विचारा. त्या उत्तरातून माणसं निघतात. स्कॅन केलेल्या सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी.

डायऱ्या वाचा. पण त्यातलं सगळं छापायचं असतं असं नाही. आजीने आईबद्दल काही लिहिलेलं सापडलं, चांगलं किंवा वाईट, तर ते आईने पहिल्यांदा सभेत ऐकू नये. त्या चार महिन्यांत मुलांचं नावच कुठे आलेलं नसेल, तर तेही आईला आधी आणि एकांतात सांगा. त्यावरून लगेच निष्कर्षही काढू नका. जी बाई रात्रभराच्या भीतीवर तीन वाक्यं खर्च करते, ती मुलांच्या आठवणीवर किती खर्च करेल? काही माणसं जे सोसत नाही ते लिहीत नाहीत. काहींना खरंच आठवण येत नाही. तुमची आजी यातली कोण हे एका डायरीवरून ठरणार नाही, आणि पुस्तिकेत ते ठरवण्याची गरजही नाही.

एक व्यावहारिक सूचना : पुस्तिका स्मृतिदिनाला पूर्ण व्हायलाच हवी असा हट्ट सोडा. त्या दिवशी भाषण करा, स्कॅन केलेले फोटो मांडा, प्रत्येकाला पेन्सिल द्या आणि फोटोंच्या झेरॉक्स प्रतींवर आठवेल ते लिहायला सांगा. भांडणं होतील. होऊ द्या, कोण कशावरून भांडलं ते टिपून घ्या. पुस्तिका त्यानंतर सहा महिन्यांनी काढली तर ती दुप्पट चांगली होईल.

आता राहिली मैत्रिणीची पत्रं. ती वाचू नका. अजून नको. आजी गेली, पण लिहिणारी बाई, तुम्ही म्हणता तसं, बहुधा आहे, आणि ती पत्रं तुमच्यासाठी लिहिलेली नव्हती. पाकिटावरचा पत्ता वाचायला हरकत नाही. तो जुना असला तरी तिथूनच सुरुवात करा; आईला विचारा, आजीच्या फोनच्या वहीत बघा. सापडली तर जाऊन भेटा, आणि जाताना गठ्ठा बरोबर घेऊन जा. 'ही तुमची पत्रं, आजीने जपून ठेवली होती' म्हणून तिच्या हातात द्या. वाचून दाखव म्हणाली तर वाचा, परत ठेवून घेते म्हणाली तर देऊन या. तुमची आजी त्या सकाळी घरातून कशी निघाली, हे तिला माहीत असेल, कारण दाराबाहेर वाट बघत तीच उभी असणार. तिचंही वय आता पंच्याऐंशीच्या आसपास असेल. तेव्हा कॅसेट, फोटो, स्कॅनर, सगळं बाजूला ठेवा आणि या आठवड्यात आधी हा पत्ता शोधा.